कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवा म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आतड्यातले उपकारक जंतू वाढवले की साखर आटोक्यात येते, असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला मित्रजंतू आणि मधुमेहावरचा लेख आमच्या घरी दोनदा वाचला गेला. एकदा मी मनात वाचला आणि एकदा आमच्या ह्यांनी मोठ्याने, मला ऐकू जाईल असा. शेवटी "बघ, पुन्हा छापून आलंय" हेही झालं.

"पुन्हा" एवढ्यासाठी, की गेल्या एप्रिलात तुमच्याच पुरवणीत असाच लेख आला होता. त्याचं कात्रण खिशात घालून हे केमिस्टकडे गेले आणि नऊशे रुपयांच्या तीस प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत मित्रजंतूंच्या, कॅप्सूल घेऊन आले. डबीवर स्वच्छ छापलेलं : २ ते ८ अंश तापमानात ठेवा. दुसऱ्या डबीला मी बरोबर गेले, तर माल काउंटरवर, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीला टेकून, थेट उन्हात. अकोल्याचा मे महिना, बाहेर ४५ अंश. विचारलं तर पोरगा म्हणतो, "काही होत नाही काकू, रोज जातात." बॅसिलस जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले, असते तर एक वेळ ऊन सोसलं असतं. डबीवर नाव लॅक्टोबॅसिलसचं होतं, त्याला असलं कवच नसतं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असली डबी वाचल्याशिवाय राहवत नाही.

बरं, हेही सोडून दिलं असतं. पण जंतू पोटात जाताहेत म्हटल्यावर ह्यांनी मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची रोजची गोळी, बंद केली. मला न सांगता. कारण काय, तर "इंग्रजी गोळ्यांनी चांगले जंतू मरतात." जुलैत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) तपासली. आधी ७.२ होती, ती ९.१ झाली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "काका, गोळी कोणी बंद केली?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं!

आता तुमच्या लेखकांविषयी. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला २०१२ सालचा चिनी अभ्यास त्यांनी हौसेने सांगितला : ३४५ जणांची तपासणी, आणि मधुमेह्यांच्या आतड्यात ब्युटिरेट (आतड्याला उपयोगी असं एक आम्ल) बनवणारे जंतू कमी. खरं आहे. पण २०१५ साली त्याच 'नेचर'मध्ये आलेलं संशोधन त्यांच्या नजरेतून कसं सुटलं? मधुमेहाच्या नावावर टाकलेले आतड्यातले काही बदल मुळात मेटफॉर्मिनचे होते, असं त्यात निघालं. लेखात ज्या ॲकरमन्सिया या आतड्यातल्या जंतूची एवढी आरती ओवाळली आहे, तो मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या पोटात वाढलेला काही अभ्यासांत आढळला आहे. म्हणजे आमच्या ह्यांनी मित्रांसाठी मित्रांचाच पोशिंदा घराबाहेर काढला.

त्याच ॲकरमन्सियाची बेल्जियममधली २०१९ची चाचणी ३२ जणांनी पूर्ण केली. तीन महिन्यांची. माणसं जाड होती, इन्सुलिनला दाद न देणारी होती, पण मधुमेही नव्हती. आणि गंमत अशी, की जिवंत जंतूंपेक्षा पाश्चराइज केलेले, म्हणजे मेलेले, जंतू जास्त उपयोगी पडले. आमच्या केमिस्टला हे आधीच ठाऊक असावं. तो मारूनच विकतो.

प्रोबायोटिकने साखर थोडी उतरते, असं छोट्या चाचण्यांमध्ये दिसलंय, मी नाही म्हणत नाही. पण त्यातले बहुतेक रुग्ण चालू औषधाच्या जोडीला ते घेत होते. हे एक वाक्य छापायला तुमच्याकडे जागा नव्हती. लेखाच्या खालीच अर्धं पान पचनाच्या चूर्णाच्या जाहिरातीला मात्र होती. 'स्वतःहून गोळी बंद करू नका' एवढं तरी जाड ठशात टाकायचं होतं.

आमच्याकडे ज्वारीची भाकर आणि ताक पूर्वीपासून आहे, त्याला कात्रण लागत नाही. दह्यातला प्रत्येक जंतू आतड्यात बिऱ्हाड करतो असं मात्र समजू नये. विरजण वेगळं, औषध वेगळं.

आणखी एक. शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी देतो असं तुम्ही लिहिता. मंगळवारचं अजून आलेलं नाही. उभे सात मला अडलंय.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, अकोला

ता. क. नाव छापू नये. सकाळी पेपर आधी ह्यांच्या हातात पडतो.