आई, फळं बंद करू नकोस

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते माहितीये, आई "बरं बरं" म्हणते, बाबा फोन तिच्याकडे देऊन पेपर उघडतात आणि विषय दादाच्या बदलीवर जातो. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, बाबा चष्मा लावून.

दादाकडून कळलं की आईने द्राक्षं, सफरचंद, पालक सगळं बंद केलंय. कारण काय, तर तिच्या ग्रुपवर आलेली, फवारणीच्या औषधांचे अंश जास्त सापडणाऱ्या बारा "विषारी" फळं-भाज्यांची ती यादी. आणि बाबा, तुम्ही तिला समजवायचं सोडून स्वतःच संध्याकाळचं फळ बंद करून चहा-बिस्किटावर आलात म्हणे. आई, तुझा मागचा रिपोर्ट मी पाहिलाय, हिमोग्लोबिन किती खाली आलं होतं ते मला पाठ आहे, डॉक्टरांनी हिरवी भाजी आणि फळं आवर्जून सांगितली होती आणि तू नेमकं तेच ताटातून काढलंस. मला इथे चैन पडत नाही गं. तुमच्याजवळ असते तर रोज समोर बसून खायला लावलं असतं, ते होत नाही म्हणून निदान जे लांबून करता येतं ते तरी करू दे.

तर एक गोष्ट मी करून टाकलीये. पैसेही भरून झालेत, तेव्हा बाबा, "कशाला" म्हणू नका. या गुरुवारपासून दर आठवड्याला घरी एक पेटी येईल. सेंद्रिय पिकवणारी काही शेतकरी कुटुंबं मिळून पाठवतात, शेवटचं औषध कधी मारलं आणि माल कधी तोडला हे पेटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. पालक, द्राक्षं, सफरचंद, भोपळी मिरची एवढंच सांगितलंय मी, म्हणजे जे सालीसकट, पानासकट पोटात जातं तेवढंच. बाकी सगळं बाबांनीच आणायचं. बाबा, तुमचं सकाळी पिशवी घेऊन निघणं, दोन ओळखीची माणसं भेटणं, टोमॅटो एकेक हातात घेऊन बघणं यातलं काही मला बंद करायचं नाहीये, खरंच नाही. तुम्हाला भाजी कळत नाही म्हणून हे केलंय असंही नाही, तुमच्याइतकी मला आयुष्यात कळणार नाही. पण औषधाचा अंश डोळ्याला दिसत नाही, वासाला येत नाही, तिथे कुणाचीच नजर चालत नाही, माझी तर नाहीच.

आता ती यादी. ती अमेरिकेतली एक संस्था दरवर्षी काढते, तिथल्या कृषी खात्याने तपासलेल्या नमुन्यांवरून. स्ट्रॉबेरी, पालक, द्राक्षं, सफरचंद वगैरे वर असतात. पण त्याच संस्थेची दुसरी यादी पण असते, सगळ्यात कमी अंश सापडणाऱ्यांची, ती ग्रुपवर कुणी टाकत नाही. त्यात कांदा, मका, कोबी, अननस, पपई असं सगळं आपलं आवडतं आहे. आणि पहिल्या यादीत नाव आलं म्हणजे ते विषारी झालं असं नसतं. किती अंश सापडले हे एक, ते शरीराला त्रास देतील इतके आहेत का हे वेगळं. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी हेच तपासलं होतं आणि त्यांच्या हिशेबात यादीतल्या बारा पदार्थांमधून पोटात जाणारं प्रमाण धोक्याच्या पातळीपेक्षा खूप खाली निघालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला कमीत कमी ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, आणि ते औषधांचे अंश असतात हे माहीत असूनच म्हणते. फळं न खाण्याने होणारं नुकसान मोठं आहे आई, आणि तुझ्या बाबतीत तर ते रिपोर्टवर दिसतंय.

मग पेटी कशाला, असं बाबा म्हणतील. कारण कमी करता येत असेल तर का करू नये. सिएटलमधल्या २३ मुलांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला होता, मुलांना पाच दिवस नेहमीच्या ऐवजी सेंद्रिय खायला दिलं, तर मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या खुणा लघवीतून जवळजवळ लगेच दिसेनाशा झाल्या आणि परत नेहमीचं सुरू केल्यावर परत आल्या. म्हणजे जे पोटात जातं त्यात आपण फरक पाडू शकतो, आणि तोही पटकन. मात्र सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं समजू नका हं, त्यातही निंबोळी अर्क, मोरचुदासारखी औषधं चालतात, त्यामुळे पेटीतलं पण धुवायचंच.

बाबा, आता तुमच्याशी थोडं. आईच्या घाबरण्याला तुम्ही लगेच साथ का दिलीत ते मला कळतं. आबांचं सगळं तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, फवारणीचा वास आला की तुम्ही अजूनही खिडकी लावून घेता. पण आबा पाठीवर पंप घेऊन उभ्या पिकात असायचे, हाताला हातमोजा नाही, तोंडाला नुसता रुमाल, औषध काठीने ढवळायचं आणि जेवायच्या आधी साबण मिळाला तर मिळाला. त्यांच्या अंगावर जे पडलं आणि आपल्या ताटातल्या भाजीवर जे उरतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फवारणाऱ्याचा धोका सगळ्यात मोठा, तो तेव्हाही होता आणि आजही आहे. म्हणूनच मला ही कुटुंबं बरी वाटली, औषध कमी मारलं तर पहिला फायदा त्यांच्याच घराला होतो. एवढंच लिहिते, जास्त नाही लिहीत, तुम्हाला त्रास होईल.

आता सूचना. आणि या ऐकायच्याच आहेत.

आई, फळ-भाजी डिशवॉशच्या लिक्विडने किंवा साबणाने अजिबात धुवायची नाही. दादा म्हणाला तू द्राक्षं लिक्विडच्या पाण्यात बुडवलीस एकदा. फळाच्या सालीत ते मुरतं आणि मग तेच पोटात. ते बाटलीतलं महाग "व्हेजी वॉश" पण आणू नका, अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्राने तपासलं होतं, त्याने साध्या पाण्यापेक्षा जास्त काही निघालं नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवायचं, अर्धा मिनिट तरी, घाई नाही. त्याच तपासणीत बारापैकी नऊ औषधांचे अंश नुसत्या पाण्याने कमी झाले होते. पाण्यापेक्षा चोळण्याचा उपयोग जास्त आहे, हे लक्षात ठेव.

सफरचंदाला मात्र खाण्याचा सोडा वापर. लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, त्यात पंधरा मिनिटं ठेवायची आणि मग नळाखाली स्वच्छ धुवायची. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली हे करून बघितलं, सालीवरची दोन औषधं जवळपास पूर्ण निघाली, फक्त सालीच्या आत मुरलेला भाग राहिला. तेवढ्यासाठी साल काढलीस तरी चालेल, तुझ्या पोटाला तसंही साल जड जाते.

पालक जुडी सोडून, पानं सुटी करून, मोठ्या पातेल्यात पाणी बदलत धुवायचा. पहिल्या पाण्यात तळाशी माती बसते ना, ती पाण्यात परत ढवळली जायला नको म्हणून पानं वरच्या वर उचलून घ्यायची, पाणी पानांसकट ओतायचं नाही. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं सरळ टाकून दे, हळहळू नकोस. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मगच धुवायचे. आणि धुतलेलं सगळं पुसून कोरडं करायचं, फडक्याने पुसण्यानेही थोडं निघतं. फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी नाही, वापरायच्या वेळी धुवायचं, नाहीतर ओलं राहून सडतं आणि मग तू खराब भाग कापून बाकीचं खातेस, ते मला माहितीये.

काही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसात जातात, ती कितीही धुतली तरी निघत नाहीत. तिथे उपाय एकच, रोज तेच ते खायचं नाही. आज पालक तर उद्या गाजर, परवा भोपळा, आठवडाभर फिरवत राहायचं. बाबा, हे तुमचं काम, एकदम जुडगेच्या जुडगे स्वस्त मिळाले म्हणून आणायचे नाहीत.

आणि बाजारात विचारा. तुमचा गप्पांचा हात आहे, माझा नाही. माल कुठला, शेवटचं औषध कधी मारलं, तोडणी कधी केली. प्रत्येक औषधाला फवारणी आणि काढणी यात किती दिवस सोडायचे ते ठरलेलं असतं, डब्यावर छापलेलं असतं, अंश जास्त राहतात ते बरेचदा ते दिवस पाळले नाहीत म्हणून. जो स्वतः पिकवतो त्याला उत्तर येतं. ज्याला येत नाही त्याच्याकडून कांदे-बटाटे घ्या, पालेभाजी नको. हंगामाचं घ्या. फार चकचकीत, एका साच्यातलं दिसणारं फळ पाहून भुलू नका, आणि द्राक्षांवरचा तो पांढरट, बोटाने पुसला जाणारा पातळ थर बघून आई घाबरते, तो द्राक्षाचा स्वतःचाच असतो, औषधच असेल असं नाही. धुवायचं आणि खायचं.

आई, मला ताप आला की तू द्राक्षं सोलून, बी काढून एकेक भरवायचीस, बोटं थंडगार असायची तुझी. एवढं सोलत बसायची तेव्हा तुला वेळ कुठे होता, ऑफिस होतं, आजी आजारी होती. मी झोपले असं समजून उरलेली परत वाटीत झाकून ठेवायचीस, स्वतः एक खायची नाहीस. आता खा ना. माझ्यासाठी म्हणून खा.

पेटी पसंत पडली नाही तर महिन्याने बंद करू, मी हट्ट करणार नाही. पैशांचा विचार करू नका, माझ्याकडे आहेत, आणि दादाला यात ओढू नका, त्याचं सध्या बरंच चालू आहे. पेटी गुरुवारी सकाळी नऊ ते अकरामध्ये येईल, बाबा त्या वेळेत बँकेत जाऊ नका. चिठ्ठीचा फोटो काढून पाठवा, आणि आईने दुपारी काय खाल्लं तेही लिहा.

तुमची,
मनी