यॉर्कटाउनचं श्रेय फक्त वॉशिंग्टनला का?

संपादक महोदय,
अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना बहुतेक जण वॉशिंग्टनपाशीच थांबतात, पण 1781 मध्ये चेसापीक खाडीच्या तोंडाशी फ्रेंच ॲडमिरल द ग्रासने इंग्रजांचं आरमार परतवलं नसतं तर यॉर्कटाउनला, म्हणजे जिथे इंग्रजांनी शेवटी शरणागती पत्करली तिथे, अडकलेला त्यांचा सेनापती कॉर्नवॉलिस समुद्रातून निसटलाच असता की. आणि त्याआधी व्हॅली फोर्ज या वॉशिंग्टनच्या सैन्याच्या तळावर हिवाळ्यात त्याचे साधारण 2000 सैनिक गेले, तेही गोळीने नाही तर टायफस, जुलाब असल्या रोगांनी, कित्येकांच्या पायात धड बूटसुद्धा नव्हते, त्यांच्याबद्दल दोन ओळी तरी यायला हव्यात ना! बरं, हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि टिपूविरुद्धच्या लढाईत मराठी फौजा त्याच्या बाजूने होत्या. शाळेत हे दोन्ही धडे जोडून शिकवायला काय हरकत आहे?
- एक वाचक, सातारा