निळा डबा तुमच्या गाडीवर फुटला, 640 रुपये माझ्या घरपट्टीत का?

दि. 22 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय

विषय : सुक्या कचऱ्याच्या फुटलेल्या डब्याची रक्कम घरपट्टीच्या बिलातून वगळण्याबाबत.

महोदय,

काल सकाळी तुमच्या आरोग्य विभागाला मी पाचव्यांदा फोन केला. आता सहावा करणार नाही, म्हणून लेखी देत आहे.

मंगळवार, 8 जुलैला सकाळी पाऊस कोसळत होता. घंटागाडीवरच्या मुलाने आमचा निळा डबा गाडीत उपडा केला, पण दुधाच्या पिशव्या बुडाला चिकटून राहिल्या होत्या. त्या सुटाव्यात म्हणून त्याने डबा गाडीच्या लोखंडी कडेवर दोनदा आपटला. दुसऱ्या दणक्याला काठापासून बुडापर्यंत चीर गेली. मी पडवीत उभी राहून बघत होते. त्याने डबा गडग्याला टेकवला आणि गाडी पुढे गेली. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. अंगात रेनकोट नाही, हातात मोजे नाहीत, अशा अवस्थेत तो भर पावसात आमच्या वाडीतला कचरा उचलतो. त्याच्या पगारातून पैसे कापून माझे प्रकरण मिटवू नका. पण डबा मी फोडलेला नाही.

त्याच दिवशी मी फोन केला, तेव्हा "नवीन डबा मिळेल" असे सांगितले. डबा आला 30 जुलैला, तोही एक नाही, हिरवा आणि निळा असा जोड. हिरवा परत घेऊन जा म्हटले तर आणणारा म्हणाला, सेटच द्यायचा असतो. आमचा जुना हिरवा डबा धड आहे, कारण तो आम्ही वापरतच नाही. परस असलेल्या घरात ओला कचरा गाडीपर्यंत जातो कुठे? भाजीची देठे, फणसाची चारखंडे, माशांचे खवले, सगळे माडाच्या आळ्यात जाते. आमच्या सासूबाईंच्या काळापासून तसेच चालत आले आहे. आम्हाला गाडी लागते ती फक्त सुक्या कचऱ्यासाठी. आणि 12 ऑगस्टला आलेल्या घरपट्टीच्या बिलात "इतर" या रकान्यात 640 रुपये लावलेले आहेत. दोन डब्यांचे. फुटला एक, तोही तुमच्या गाडीवर.

आता कालचा फोन. तो सविस्तर लिहिते, कारण तुमच्या खुर्चीपर्यंत असे फोन पोहोचत नसावेत.

मी बिलाचा क्रमांक सांगितला. पलीकडून विचारणा झाली, "मॅडम, डबा आमच्या माणसाने फोडला याला पुरावा काय?" मी म्हटले, मी डोळ्यांनी बघितले आहे. "फोटो आहे का?" पावसात पडवीत उभी असलेली बाई हातात मोबाईल धरून डबा फुटण्याची वाट बघत असते का? मग म्हणाले, "डबा तुमच्या ताब्यात दिला की जबाबदारी तुमची." अहो, फुटला त्या क्षणी तो तुमच्या माणसाच्या हातात होता, मी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही बाजारातून साधी बादली घ्यायची होती." घेतली होती. जुलैमध्ये दोन आठवडे बादलीत सुका कचरा ठेवला, तर नगरपरिषदेचा डबा नाही म्हणून गाडीने उचलला नाही. हे सांगितल्यावर ते हसले. फोनवर हसलेले ऐकू येते, साहेब. आणि मग म्हणाले, "मावशी, मुंबईवाल्यांची एवढी बंद घरं आहेत, ते गपचूप भरतात. तुम्ही 640 रुपयांसाठी रोज फोन करता, तुम्हाला दुसरं काम नाही का?" आणि फोन ठेवला.

मला काम आहे. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, चुलीशेजारी वाळवणे हेही माझे एक काम आहे. तुमच्याच माणसांनी दारोदार येऊन सांगितले होते, सुका कचरा कोरडा द्या, नाहीतर तो पुढे कामाचा राहत नाही. ते मला पटले. पावसाळ्यात गोणत्यात ठेवलेले प्लास्टिक भिजते, वाऱ्याने उडते, पऱ्यात पडते आणि पऱ्यातून खाडीत जाते. भरतीला तेच परत किनाऱ्यावर येते आणि रापणीच्या जाळ्यात माशांबरोबर ओढले जाते. म्हणून निळा डबा मला हवाच आहे. याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्यात कचरा डेपोची जागा बघायला लोक बाहेरून जातात. आपल्याकडेही तसे व्हावे असे वाटून मी नीट वर्गीकरण करते. आणि मला तुमच्या कार्यालयातून "दुसरं काम नाही का" हे उत्तर मिळते.

आता पैशांचे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत नागरिकांनी शुल्क द्यायचे आहे, हे मला माहीत आहे, आणि ते शुल्क मी वेगळे भरते. पण ते उपविधीत ठरवून घ्यायचे असते. डबा फुटला तर जोडाचे पैसे घरपट्टीत लावायचे, असे कोणत्या उपविधीत आहे? कोणत्या ठरावात आहे? सध्या निवडून आलेले सभागृह नाही, प्रशासक कारभार बघतात, म्हणजे वाडीतल्या नगरसेवकाला जाऊन विचारायचीही सोय नाही. ठराव असेल तर त्याची प्रत द्या. नसेल तर 640 रुपये काढा.

मी घरपट्टी आजवर एकदाही थकवलेली नाही. या वर्षीची रक्कम घेऊन मी 18 तारखेला खिडकीवर गेले होते. 640 सोडून बाकी घ्या म्हटले, तर पूर्ण बिल भरा नाहीतर ठेवा, असे उत्तर मिळाले. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. म्हणजे मी न फोडलेल्या डब्यामुळे माझी सगळी घरपट्टी थकबाकीत जाणार. हे मी होऊ देणार नाही. बिल दुरुस्त करून मिळेपर्यंत या रकमेवर शास्ती लागणार नाही, असे मला लेखी हवे आहे. सात दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करेन, आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकेन आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही जाईन.

27 तारखेला गणपती आहेत. घरात पंधरा माणसे येतील, सुका कचरा तिप्पट होईल. नवीन निळा डबा मी वापरत आहे, हिरवा न वापरता तसाच ठेवला आहे. फुटलेला डबाही मी टाकलेला नाही. सोमवारी, 25 तारखेला सकाळी दहा वाजता तो फुटका डबा आणि हा कोरा हिरवा डबा घेऊन मी तुमच्या दालनात येत आहे. हिरवा परत घेतल्याची पोच तयार ठेवावी.

आपली,
बंदराकडच्या वाडीतील एक मालमत्ताधारक

सोबत : घरपट्टीच्या बिलाची प्रत, फुटलेल्या डब्याचे दोन फोटो