बालसंगोपनाचे पैसे तारखेला कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाडक्या बहिणीचा हप्ता जरा लांबला तरी लगेच बातमी होते, आणि व्हायलाच पाहिजे, पण बालसंगोपन योजनेचे, म्हणजे आईबाप नसलेल्या किंवा आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना घरी वाढवायला राज्य सरकार दरमहा देतं ते पैसे महिनोन्महिने येत नाहीत त्याची बातमी कोण करणार? आमच्या गल्लीत एक आजी आहेत, मुलगा वारला, सून दुसरं लग्न करून गेली, दोन नातवंडं आजींच्याच पदरात. ही मदत मंजूर करणाऱ्या बाल कल्याण समितीची ऑर्डर आहे, खात्याला आधार लिंक आहे, सगळं आहे. तरी पासबुक भरून आणलं की एन्ट्रीच नसते. मग कधीतरी पाच-सहा महिन्यांचे एकदम पडतात, तोवर किराण्याची उधारी आणि क्लासची फी एवढी साचलेली असते की पैसे आले त्या दिवशीच संपतात.

आधी महिन्याला ४२५ रुपये होते, मग ११०० झाले, एप्रिल २०२३ पासून २२५० केले. वाढवले हे चांगलंच केलं, योजनेला सावित्रीबाईंचं नावही दिलं. पण वेळेवर येणारे ११०० सुद्धा परवडले असं आजी म्हणतात आणि मला ते पटतं.

मुलांसाठीच्या केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४००० आहेत, मग तिकडे का जात नाही असं लोक विचारतात. तिथल्या स्पॉन्सरशिपला, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणाऱ्या मदतीला, घरच्या उत्पन्नाची कमाल अट आहे, गावात वर्षाला ७२ हजार अन् शहरात ९६ हजार. ७२ हजार म्हणजे महिना ६ हजार, रोजंदारीवर जाणारा मामा पण त्यात बसायचा नाही! २०२४ ला केंद्राने नियम बदलले, आता एकटी बाई किंवा एकटा पुरुष सुद्धा फॉस्टर पालक (दत्तक न घेता दुसऱ्याचं मूल घरी सांभाळणारा) होऊ शकतो, पण पैशाची ही गत बघून पुढं येणार कोण हो?

लाडकी बहीण जुलै २०२४ ला सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये खात्यात पैसे पडले सुद्धा, म्हणजे सिस्टीम आहे, करायचं ठरवलं तर होतं. मग महिला व बालविकास विभागाने बालसंगोपनाची पण एक तारीख जाहीर करावी, आणि निधी आला नसेल तर तसा मेसेज तरी मोबाईलवर टाकावा म्हणजे म्हाताऱ्या माणसाची बँकेची चक्कर वाचेल. अजून एक, मूल १८ चं झालं की मदत बंद होते, बऱ्याच पोरांना नेमकी बारावीतच अठरा पूर्ण होतात, निदान परीक्षा होईपर्यंत तरी ती चालू ठेवा.

– एक वाचक, बार्शी