तुमच्या वाचनालयातलं ते कपाट

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर विचारलंस ना, शनिवार-रविवार कुठं गायब असतोस म्हणून, ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहितोय, चहा घेऊन बस. आम्ही चारपाच जण पुण्यातल्या आणि आसपासच्या जुन्या वाचनालयांत, तालमींत, देवस्थानांत जातो आणि त्यांचे जुने कागद तिथंच बसून नीट लावून देतो. एकही कागद बाहेर नेत नाही.

मागच्या रविवारी नदीकाठच्या पेठेतलं एक वाचनालय होतं. कपाटाच्या तळाच्या खणात सभासदांची रजिस्टरं, त्यातलं एक उघडलं तर पानावर खालून चार बोटं उंचीवर तपकिरी वेडीवाकडी रेघ, पुढच्या पानावर तीच, त्याच्या पुढच्या पानावरही तीच. ग्रंथपाल काका म्हणाले, पानशेतचं पाणी. १२ जुलै १९६१, धरण फुटलं तो दिवस. रेघेच्या वरची नावं स्वच्छ वाचता येतात, खाली मात्र निळी शाई फुटून नुसते डाग राहिलेत, आणि त्या डागांशेजारी नंतर कुणीतरी पेन्सिलीनं तीच नावं परत लिहून काढलीयेत, बहुतेक आठवून आठवून, कारण दोन ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. मला बराच वेळ ते पान उलटवेनाच रे. घरात चिखल असताना कुणीतरी बसून सभासदांची नावं आठवत होतं.

आणि काका एकेका नावावर बोट ठेवून सांगत होते, हे कोपऱ्यावरचे किराणावाले, हे पुरानंतर पेठ सोडून गेले ते परत आले नाहीत. हे रजिस्टर उचलून एखाद्या मोठ्या दफ्तरखान्यात नेलं असतं तर कागद वाचला असता, पण हे कुणी सांगितलं असतं? म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कागदांना जाणकाराकडे नेण्यापेक्षा जाणकारानंच कागदांकडे जावं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य पुराभिलेखागाराचा, म्हणजे तिथल्या सरकारी दफ्तरखान्याचा, असा उपक्रमच आहे, त्यांची माणसं छोट्या म्युझियममध्ये, लायब्ररीत स्वतः जाऊन कागद बघतात, कसे ठेवायचे ते तिथल्या लोकांना शिकवतात. आणि आपल्याला तरी हे नवीन कुठंय, इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव वाडे नि माळे पालथे घालत फिरलेच की! वाईला सापडलेल्या कागदांतून १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, पुढे बावीस झाले, १९१० ला इथं भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. तेव्हा गोळा करून आणले नसते तर ते कागद राहिलेच नसते, हे मान्यच. पण आता फोटो जागेवर काढता येतात, यादी जागेवर करता येते.

एक गोष्ट मला या कामात पडल्यावरच कळली. मोडी कागदांचे जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडले की आतला हातकागद पुष्कळदा अजून मऊ निघतो, काजळीची शाई काळीभोर, आणि त्याच कपाटातली १९४० च्या आसपासची सभेची इतिवृत्तं हात लावला की कडेनं पापडासारखी मोडतात, कारण तो लाकडाच्या लगद्याचा कागद, त्यातलं आम्लच त्याला आतून खातं. म्हणजे जास्त धोका नव्यालाच आहे, आणि लोक मोडी दिसलं की हात जोडतात नि वर्गणीची पावतीपुस्तकं रद्दीत घालतात. एका ठिकाणी तर आम्ही पोचायच्या आधीच दिवाळीच्या साफसफाईत चार पोती गेली होती. घरी येऊन मी जेवलो नाही त्या दिवशी.

तर आता मुद्द्याचं. तुमच्या गावातल्या वाचनालयाचं ते बंद कपाट, ज्याच्यावर आपण लहानपणी कॅरमचा बोर्ड ठेवायचो, ते मला बघायचंय. पावसाच्या आत येतो. तोवर कुणाला काही झाडू-पुसू देऊ नकोस, फाटलेल्या पानांना सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा चिकटा कागदात उतरतो आणि मग टेप ओढली की अक्षरं टेपबरोबर येतात, हे माझ्या हातून एकदा झालंय आणि ती ओळ कायमची गेली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पण भरू नका, आत दमट राहून बुरशी धरते. कपाट भिंतीला चिकटून असेल तर वीतभर पुढं ओढा आणि खाली चार विटा द्या, बाकी मी आल्यावर. मऊ ब्रश, सुती नाडी, पेन्सिली मी आणतो, टाचण्या गंजल्या असतील त्या आपण मिळून सावकाश काढू.

आणि हो, तिथल्या जुन्या शिपाईमामांना त्या दिवशी बोलावून ठेव, कोणत्या वर्षी काय कुठं हलवलं ते त्यांनाच माहीत असणार. किल्ली कुणाकडे आहे ते मात्र आजच विचार.

तुझाच