हा-हात पडलेला अर्ल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानले की तुम्ही ‘चहा टाकू का?’ म्हणून विषय बदलता.

जूनमध्ये माझा पाय प्लास्टरमध्ये होता. भेटायला येणारा प्रत्येक जण मनाला उभारी देणारं काहीतरी जाडजूड वाचायला ठेवून जायचा. तुम्ही आणलीत पानं पिवळी पडलेली एक इंग्रजी प्रेमकथा. साल 1816, इंग्लंडच्या खेड्यातली अवाढव्य हवेली, पंधरा दिवस मुक्कामाला आलेले पाहुणे आणि लग्नं जुळवायला टपलेल्या तीन मावश्या. मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं, आता कबूल करते.

दहाव्या पानावर अडलेच. एवढे लॉर्ड, कोण कुणापेक्षा मोठा? तेवढ्यात तुमची पहिली चिठ्ठी खाली पडली. कालनिर्णयच्या पानाचा तुकडा, मागे शिसपेन्सिलीने उतरंड: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. आणि खाली, ‘बॅरोनेट यात धरू नकोस, तो नुसता सर.’

मग ते चांदणं. अर्लसाहेब नायिकेकडे बघत उलटे चालत जातात आणि ‘हा-हा’त पडतात. मला वाटलं, कुणीतरी हसलं! पुढच्या पानात तुमची चिठ्ठी: ‘हा-हा म्हणजे बागेच्या कडेचा खंदक, एका बाजूला भिंत. गुरं आत येत नाहीत आणि दिवाणखान्यातून हिरवळ मात्र अखंड दिसते. कुंपण दिसलं तर श्रीमंती कसली?’ इतकी हसले की प्लास्टरमधला पाय ठणकला.

गोष्टीतले काकासाहेब टपाल आलं की का चिडतात, तेही तुमच्यामुळेच कळलं. 1840 पर्यंत टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी, तोही कागद आणि अंतर मोजून. म्हणून मावशी आधी आडवं लिहिते, मग त्याच कागदावर उभं. बिचारे काका पैसे मोजून ते कोडं सोडवतात.

पण खरी मजा वारसाची. हवेलीला मुलगा नाही, म्हणून सगळं एका कंटाळवाण्या चुलतभावाकडे जाणार. मी वैतागून समासात लिहिलं, ‘दत्तक का घेत नाहीत?’ (तुमच्या पुस्तकात लिहिलं, माफ करा.) दोन पानांनी तुमचं उत्तर आधीच तयार: ‘त्यांच्याकडे दत्तकाचा कायदा आला 1926 मध्ये.’ म्हणजे 1848 मध्ये साताऱ्याचं दत्तक नाकारून संस्थान खालसा करणाऱ्यांच्या घरची ही तऱ्हा! प्रेमकथा बाजूला ठेवून मी त्या रात्री बराच वेळ हेच घोळवत होते.

आणि एक चिठ्ठी फक्त एका ओळीची: ‘सगळ्यांच्या आंघोळीचं गरम पाणी जिने चढून कोण आणतंय, बघ.’ बघितलं, बाई. अख्ख्या पुस्तकात पाणी वाहणाऱ्या त्या मोलकरीण पोरींपैकी एकीलाच नाव आहे.

शेवट जरा उरकल्यासारखा वाटला. एवढ्या भांडणानंतर नायिका एका नाचात विरघळते, हे काही पटलं नाही. तरी पुस्तक मिटलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि पाय दुखतोय हे माझ्या लक्षातही नव्हतं.

पुस्तक रविवारी आणून देते. चिठ्ठ्या अकरा होत्या, दहाच परत मिळतील. हा-हाची मी ठेवून घेतलीय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची