हॅश कोड म्हणजे ओळखक्रमांक नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतील प्रोग्रामिंगच्या सदरात ‘हॅश कोड हा प्रत्येक ऑब्जेक्टचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो’ असे विधान आले आहे. ते दुरुस्त व्हावे, यासाठी हे पत्र. हॅश कोड म्हणजे ऑब्जेक्टसाठी (प्रोग्राममधील माहितीच्या एका घटकासाठी) काढलेला एक पूर्णांक. मालवणातील माझ्या वर्गातही मुले हेच वाक्य पाठ करून येतात, म्हणून मी त्यांना जावा या प्रोग्रामिंग भाषेत ‘फणस’ आणि ‘पूस’ या दोन शब्दांचे हॅश कोड काढायला लावतो. दोन्हींचे उत्तर २३३०३३६ येते. आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून पुढच्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक मिळवत जायचे, अशी ही रीत. त्यात ‘फ’ हा ‘प’च्या एकाने पुढे आणि ‘ण’ हा दीर्घ उकाराच्या ३१ ने मागे असल्यामुळे हिशेब तंतोतंत जुळतो. इक्वल्सने (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का, हे तपासणाऱ्या मेथडने) समान ठरवलेल्या ऑब्जेक्टचे हॅश कोड समान हवेत, समानतेबाबत एवढाच नियम आहे. त्याचा व्यत्यास खरा नाही.

त्याहून फसवे प्रकरण मजकुरावरून एकेक चिन्ह पुढे सरकणाऱ्या इटरेटरचे. जावाच्या स्ट्रिंगकॅरेक्टरइटरेटरचा हॅश कोड मजकुराचा हॅश कोड, सध्याचे स्थान, आरंभ आणि शेवट या चारांच्या एक्सऑरने (संख्यांचे द्विमान अंक ताडून पाहणाऱ्या क्रियेने) बनतो. ‘फणस’वरचा नवा इटरेटर २३३०३३९ देतो, एक चिन्ह पुढे नेणारे नेक्स्ट एकदा चालवले, तर २३३०३३८. मधल्या वेळात तो हॅशमॅपमध्ये (हॅश कोडवरून नोंदी शोधणाऱ्या तक्त्यात) ‘की’, म्हणजे नोंद शोधण्याची खूण, म्हणून ठेवलेला असेल, तर तोच ऑब्जेक्ट हातात धरून शोधला तरी सापडत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. गावच्या वाचनालयासाठी शब्दसूची करताना माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. सेटइंडेक्सने स्थान शून्यावर आणताच हरवलेली नोंद मुकाट हजर झाली, तेव्हा कारण उमगले. जेटीवर होडी कुठे लागली आहे, त्यावरून तिची नोंद ठेवावी, तसा हा माझाच अव्यापारेषु व्यापार होता.

जावाच्या लायब्ररीला (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडला) दोष देता येणार नाही, कारण तिथे इक्वल्सही स्थान तपासते. ‘की’ म्हणून न बदलणारी स्ट्रिंग (मजकूर) घ्यावी आणि स्थान व्हॅल्यूमध्ये, म्हणजे ‘की’सोबतच्या माहितीत, ठेवावे. नेमका तोच ऑब्जेक्ट ओळखायचा असेल, तर आयडेंटिटीहॅशमॅप आहेच.

दुरुस्ती छापताना वरील उदाहरण वापरण्यास माझी हरकत नाही.

आपला,
एक संगणकशिक्षक, मालवण